छाटलेली बाग की तोडलेली बाग? नाशिकची जमीन उपग्रहातून बघताना

उगावची लेक · ८ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

मी नाशिकमध्ये कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. माहेर निफाड तालुक्यातलं उगाव, भावाची तिथे अडीच एकर द्राक्षबाग आहे. भूवापराचा धडा मी इतकी वर्षं पुस्तकातल्या वर्तुळाकृती आलेखावरून शिकवत आले. यंदा ठरवलं की आपल्याच जिल्ह्याची जमीन कशी बदलली ते मुलांनी स्वतः उपग्रहाच्या चित्रांवरून काढायचं. चित्रं फुकट मिळतात, नकाशे करायचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट आहे, संगणक कॉलेजात आहेतच.

पहिला नकाशा तयार झाला आणि माझ्या पोटात गोळा आला. जानेवारी २०१७ आणि एप्रिल २०२५ अशी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची दोन स्वच्छ, बिनढगाळ चित्रं घेतली होती. दोन्हींचा हिरवेपणा काढून एकातून दुसरा वजा केला. निफाड, पिंपळगाव, दिंडोरीचा सगळा पट्टा लाल. म्हणजे तेव्हा हिरवं होतं, आता उघडं आहे. अवकाळी, पडलेले भाव आणि औषधांचा खर्च यांना कंटाळून लोकांनी बागा तोडल्याचं आपण सगळेच ऐकतो, त्यामुळे नकाशा खरा वाटला. वर्गात तसं सांगायचं मी जवळजवळ ठरवलं होतं.

मग सहज उगावचं शिवार मोठं करून पाहिलं, तर आमचीच बाग लाल. ती तर जागेवर आहे! मार्चमध्ये मी तिथली द्राक्षं घरी आणली होती. भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, एप्रिलात खरड छाटणी झालेली असते. वेलीवर पान नसतं, नुसते ओलांडे. तेव्हाचा फोटो घेतलास तर बाग दिसणार कुठून?"

शेतकऱ्याच्या घरात वाढून मला हे सुचलं नाही, याचं फार वाईट वाटलं. पण गेले तीन महिने हाच विषय डोक्यात आहे, म्हणून हा धागा. इथे बागायतदार आहेत, महसूल खात्यातून निवृत्त झालेले आहेत, उपग्रह चित्रांवर काम करणारे आहेत. सगळ्यांची मदत हवी आहे.

आधी आकाराबद्दल सांगते, कारण मुलांना ही गोष्ट सगळ्यात लवकर कळली. उपग्रहाचं चित्र बारीक चौकोनांचं असतं, आम्ही त्यांना चौकटी म्हणतो. सेंटिनेल-२ ची चौकट दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे एक चौकट जवळजवळ बरोबर एक गुंठा! लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाची चौकट तीस मीटरची, म्हणजे साधारण नऊ गुंठे. आणि १९७२ साली सुटलेल्या पहिल्या लँडसॅटची चित्रं आज साठ मीटरच्या चौकटीत मिळतात, तिच्यात पस्तीसएक गुंठे बसतात, एकराला थोडे कमी. हे फळ्यावर लिहिल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, मग १९७२ मध्ये आमचं शेत म्हणजे एकच ठिपका." त्याला सगळं समजलं होतं.

दुसरी गोष्ट रंगाची. हिरव्या पानातलं हरितद्रव्य लाल उजेड शोषून घेतं, पण डोळ्याला न दिसणारे निकट अवरक्त किरण पान मोठ्या प्रमाणात परत फेकतं. उपग्रह दोन्ही वेगवेगळे मोजतो. अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोहोंच्या बेरजेने भागायचं, की एनडीव्हीआय मिळतो. दाट पाल्याला ०.६ किंवा त्याहून जास्त, उघड्या मातीला ०.२ च्या आसपास, पाण्याला बहुधा शून्याखाली. या आकड्याला पीक कळत नाही. त्या दिवशी त्या गुंठ्यात पाला किती होता एवढंच त्याला कळतं.

आणि आपल्या जिल्ह्यात पाला वर्षभर एकसारखा नसतोच. द्राक्षबाग वर्षातून दोनदा बोडकी होते, माल निघाल्यावरच्या, एप्रिलच्या खरड छाटणीत आणि फळासाठीच्या, ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीत. उन्हाळ कांदा डिसेंबर-जानेवारीत लागतो आणि मार्च-एप्रिलमध्ये निघतो. सिन्नरकडे खरिपाची बाजरी निघाली की जमीन पाऊस येईपर्यंत उघडी. म्हणजे जानेवारीचं चित्र एप्रिलच्या चित्रासमोर ठेवणं म्हणजे लग्नातला फोटो आजारपणातल्या फोटोशेजारी ठेवून माणूस खंगला म्हणण्यासारखं आहे.

शहराचं मात्र वेगळं. तिथे जुनी चित्रं फार बोलकी आहेत. १९८२ मध्ये नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर एकत्र करून महापालिका झाली. १९८९ च्या लँडसॅट-५ च्या चित्रात ही गावं अजून वेगवेगळे पुंजके दिसतात, मध्ये शेतं. नंतरच्या प्रत्येक चित्रात मधली शेतं कमी होत जातात. जनगणनेत शहर २००१ ला १० लाख ७७ हजार, २०११ ला १४ लाख ८६ हजार. ही वाढ कुठे जाऊन बसली ते आडगाव, म्हसरूळ, पाथर्डी आणि गंगापूर रस्त्याकडे बघितलं की कळतं. देवळालीची लष्कराची जमीन मात्र चाळीस वर्षांच्या चित्रांत जवळजवळ तशीच आहे. मुलांना याचं फार आश्चर्य वाटलं.

माझा प्रश्न सरळ आहे. छाटलेली बाग आणि तोडलेली बाग आकाशातून वेगळी कशी ओळखायची? दोन्ही खऱ्या आहेत, पण एक दरवर्षीची आहे आणि दुसरीत एखाद्या घराचा आधार गेलेला असतो. या दोन्हींना एकच लाल रंग देणारा नकाशा मला वर्गात लावायचा नाही.

---

निफाडी · ८ फेब्रुवारी, दुपारी १:१५

ताई, धागा वाचून बरं वाटलं. आमची तीन एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग आहे, त्यावरून सांगतो.

छाटणी सगळीकडे एका दिवशी नसते. खरड छाटणी मार्चअखेर ते एप्रिलअखेर चालते, ज्याचा माल आधी निघाला त्याची आधी. गोड्या छाटणीत तर फार फरक आहे. आपल्या निफाड-दिंडोरीत ती सप्टेंबर शेवटापासून ऑक्टोबरभर, पण सटाणा, देवळा, कळवणकडे अर्ली करणारे जुलै-ऑगस्टमध्येच छाटतात, त्यांचा माल डिसेंबरात बाजारात येतो. म्हणून अख्ख्या जिल्ह्याला ऑक्टोबरचं एक चित्र लावू नका. बागलाणात, म्हणजे सटाण्याकडे, तेव्हा पाला असेल आणि आमच्याकडे बोडकं.

गोड्या छाटणीनंतर आठ-दहा दिवसांत डोळे फुटतात, महिनाभरात हिरवं दिसायला लागतं, दोन महिन्यांत मांडव भरतो. तेव्हा जानेवारीत ज्या बागेत पाला नाही, ती बाग एक तर आजारी, नाही तर नाहीच.

तोडलेल्या बागेचं सांगतो. बाग तोडतात तेव्हा आधी तारा सोडवतात, मांडवाचे लोखंडी अँगल काढतात, मग जेसीबीने खोडं उपटतात. नंतर बहुतेक जण मका, सोयाबीन नाही तर कांदा लावतात. म्हणजे पावसाळ्यात हिरवं, नंतर मध्ये उघडं, कांदा लावला तर परत हिरवं. बागेची चाल अशी नसते.

आणि एक गोष्ट. काही जण बाग तोडतात ती नवी लावायला. जुनी वेल काढायची, डॉगरिज जातीच्या वेलीचे खुंट लावायचे, ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर कलम भरायचं. मांडव भरेपर्यंत दीड-दोन वर्षं जातात. तुमच्या नकाशात ती दोन वर्षं जमीन पडीकच दिसणार. त्या माणसाने शेती सोडलेली नसते, उलट कर्ज काढून परत उभा राहिलेला असतो. त्याला तोडलेल्यांत धरू नका, एवढी विनंती.

---

चौकटीमागे · ८ फेब्रुवारी, रात्री ९:०५

मूळचा नाशिकरोडचा, आता हैदराबादला उपग्रह चित्रांवरच काम करतो. धागा वाचून राहवलं नाही.

बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर निफाडी यांनी दिलंच आहे, मी ते तांत्रिक भाषेत मांडतो. दोन चित्रांची वजाबाकी सोडा आणि एका गुंठ्याची वर्षभराची रेघ काढा. २०१७ पासून सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह फिरतात, दर पाच दिवसांनी एक चित्र मिळतं. पावसाळ्यातली ढगाळ सोडली तरी वर्षात तीस-चाळीस कामाची चित्रं हाती लागतात. प्रत्येकातून त्या चौकटीचा एनडीव्हीआय घेऊन तारखेप्रमाणे मांडा. द्राक्षबागेच्या रेघेत वर्षाला दोन खड्डे दिसतील, एक एप्रिल-मे आणि एक ऑक्टोबर. मका-कांद्याच्या रेघेत खड्डे वेगळ्या महिन्यांत पडतील. घर किंवा गोदाम झालं तर रेघ वर्षभर खाली सपाट. तोडून नवी लावलेली बाग असेल तर दीड-दोन वर्षं रेघ दबलेली राहील आणि मग दोन खड्ड्यांची चाल परत सुरू होईल.

गुगल अर्थ इंजिनवर हे काम ब्राउझरमध्येच होतं, चित्रं उतरवून घ्यावी लागत नाहीत. शिक्षणासाठी ते विनाशुल्क आहे.

आता एक सापळा. सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेत २५ जानेवारी २०२२ पासून बदल झाला आहे. त्यानंतरच्या चित्रांत प्रत्येक आकड्यात १००० मिसळलेले असतात, ते वजा करून मगच परावर्तन, म्हणजे जमिनीने किती उजेड परत फेकला ते, काढायचं. हे विसरलं तर २०२२ नंतर सगळीकडचा हिरवेपणा अचानक घटल्यासारखा दिसतो. मी अनुभवी माणसांच्या अहवालांतही ही चूक पाहिली आहे. अर्थ इंजिनवर 'हार्मोनाइज्ड' नावाचा संच घ्या, त्यात हे आधीच दुरुस्त केलेलं आहे. तुमची चित्रं २०१७ आणि २०२५ ची होती, म्हणजे छाटणीवर हा दोषही चढला असण्याची शक्यता आहे. तपासून घ्या.

लँडसॅटची जुनी चित्रं वापरणार असाल तर नाशिक लँडसॅटच्या मांडणीत पाथ (पट्टा) १४७, रो (ओळ) ४६ मध्ये येतं. लँडसॅट-७ ची ३१ मे २००३ नंतरची चित्रं टाळा. त्या दिवशी त्याचा एक भाग निकामी झाला, तेव्हापासून प्रत्येक चित्राचा सुमारे २२ टक्के भाग काळ्या पट्ट्यांत जातो. २००३ ते २०११ साठी लँडसॅट-५ घ्या, २०१३ पासून लँडसॅट-८.

---

दारणाकाठ · ८ फेब्रुवारी, रात्री १०:३०

मी बारावीत आहे. हे सगळं मोबाईलवर बघता येतं का? लॅपटॉप नाही.

---

उगावची लेक · ९ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

@दारणाकाठ, येतं. सेंटिनेलची चित्रं दाखवणारं कोपर्निकस ब्राउझर हे संकेतस्थळ मोबाईलच्या क्रोममध्ये उघडतं. जागा शोध, तारीख निवड, एनडीव्हीआयचा थर लाव. गुगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची चित्रं सलग फिरतात, त्यात आपलं गाव बघ. फक्त गुगल अर्थमधल्या मोठ्या, घरं-झाडं दिसणाऱ्या चित्राखालची तारीख नीट वाच. शेजारशेजारचे दोन तुकडे वेगवेगळ्या वर्षांचे जोडलेले असतात.

@निफाडी दादा, नव्या लागवडीचं मला अजिबात माहीत नव्हतं. तुमची विनंती मी वर्गात जशीच्या तशी वाचून दाखवणार आहे.

@चौकटीमागे, १००० ची वजाबाकी केलेली नव्हती. काल रात्री दुरुस्त करून परत चालवलं. लाल रंग बराच ओसरला, पण एप्रिलमुळे अजून खूप आहे.

---

पेठचा मास्तर · ९ फेब्रुवारी, सायंकाळी ६:४५

द्राक्षांच्या पलीकडेही नाशिक जिल्हा आहे, म्हणून लिहितो. पेठ-सुरगाणा भागात मी वीस वर्षं शिक्षक आहे.

आमच्याकडचं जंगल सागाचं आणि पानझडीचं. फेब्रुवारीपासून साग पानं टाकतो, मार्च-एप्रिलमध्ये डोंगर तांबडे दिसतात. त्या महिन्यांतलं चित्र नोव्हेंबरच्या चित्राशी ताडून कोणी 'जंगल घटलं' म्हणालं तर ती बाईंच्या पहिल्या नकाशासारखीच चूक. जंगलासाठी नोव्हेंबरची चित्रं घ्या. आभाळ निवळलेलं असतं आणि पाला अजून टिकून असतो.

उन्हाळ्यात राब भाजतात. भाताचं आणि नागलीचं रोप जिथे टाकायचं तिथे शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून जाळतात. वरून ते काळे ठिपके दिसतात, एखाद-दुसऱ्या गुंठ्याचे. त्यांना वणवा समजू नका. नागली-वरईच्या उतारावरच्या जमिनी काही वर्षं कसतात आणि मग विसाव्याला सोडतात, त्यावर गवत-झुडपं येतात. नकाशा त्यांना एका वर्षी शेती म्हणतो, दुसऱ्या वर्षी झुडपी जंगल. जमीन त्याच कुटुंबाची असते.

हे मी एवढ्या तळमळीने लिहितोय कारण आमच्या भागात या चित्रांवर माणसांचे हक्क ठरतात. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासींची १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनची वहिवाट धरली जाते. दाव्यांच्या सुनावणीत उपग्रहाचं चित्र पुढे येतं आणि सांगतात की तुमच्या जागी त्या वेळी झाडं दिसतात. आता बाईंनी दिलेला गुंठ्यांचा हिशोब लावा. २००५ मध्ये सहज मिळणारं लँडसॅटचं चित्र नऊ गुंठ्यांच्या चौकटीचं. आपल्या देशाच्या उपग्रहावरचा लिस-३ कॅमेरा साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठे. वीस गुंठ्यांचं वरईचं वावर, मध्ये महूची दोन झाडं, कडेला साग. त्या चित्रात त्याच्या दोन-चार चौकटी, आणि त्याही शेजारच्या झाडांत मिसळलेल्या. त्यात शेत दिसलं नाही म्हणजे शेत नव्हतं असं होत नाही.

कायद्याच्या नियमांतच २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिलं आहे की उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येईल, त्यांची जागा घेणार नाही. दावेदाराला हे वाक्य माहीत नसतं. कोणाच्या ओळखीत कोणी दावा लढत असेल तर त्यांना हे जरूर सांगा. गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब, वनखात्याच्या जुन्या दंडाच्या पावत्या, बांध, विहीर हे सगळे पुरावे आहेत.

---

चौकटीमागे · ९ फेब्रुवारी, रात्री ८:२०

मास्तर, तुमचा प्रतिसाद मी इथल्या सहकाऱ्यांना वाचून दाखवला. एकच भर घालतो. 'लिस-४' नावाचा कॅमेरा ५.८ मीटरचा आहे, गुंठ्यात तीन चौकटी बसतात. ज्या जागेची त्या सुमाराची लिस-४ ची चित्रं असतील त्यांनी ती मागावीत. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडे अशी चित्रं असतात. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर २००५-०६, २०११-१२ आणि २०१५-१६ चे देशाचे भूवापर नकाशे बघता येतात, पण ते १:५०,००० प्रमाणावरचे आहेत. तालुका समजून घ्यायला उत्तम, एका कुटुंबाच्या वावरासाठी नाहीत.

---

सातबारा · १० फेब्रुवारी, सकाळी ११:००

तलाठी म्हणून तीस वर्षं काढली, आता निवृत्त. आमचं निफाड, सिन्नर, नाशिक तालुक्यांत फिरणं झालं.

बाई, तुम्ही धड्यात भूवापर शिकवता, पण उपग्रह भूवापर बघत नाही, वर काय पसरलंय ते बघतो. या दोहोंत पुष्कळदा अंतर असतं. एखादा गट बिनशेती होतो, मोजणी होते, प्लॉट पडतात. वरून त्यावर चार-पाच वर्षं गवतच असतं. नकाशा त्याला पडीक किंवा कुरण म्हणेल. सातबारावर ती शेती केव्हाच संपलेली असते. उलटही होतं. बिनशेती झालेलं नाही, पण वर गोदाम उभं.

पीकपाहणीत काय लिहिलं जायचं तेही मला माहीत आहे. चावडीत बसून मागच्या वर्षीचं पीक उतरवण्याचे प्रकार मी पाहिले आहेत. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकरी स्वतः बांधावरून फोटो टाकतो. ती नोंद आणि तुमची उपग्रहाची रेघ शेजारी ठेवली तर दोन्हींतल्या चुका सापडतील. हे काम कोणीतरी करायला हवं असं मला नोकरीत असल्यापासून वाटत आलंय.

प्लॉटिंग ओळखायची एक खूण सांगतो. घराच्या आधी रस्ता पडतो. हिरव्या वावरात मुरमाच्या फिकट रेघांची जाळी दिसली की समजायचं, लेआउट पडलं.

---

उगावची लेक · १० फेब्रुवारी, रात्री ८:३०

@सातबारा काका, मुरमाची जाळी मिळाली! आडगावकडच्या एका शिवारात २०१९ च्या चित्रात ती स्पष्ट आहे आणि घरांची छपरं २०२२ नंतर. मुलांनी स्वतः शोधली.

समृद्धी महामार्ग तर मोजपट्टीसारखा वापरता येतो. त्याची हद्द १२० मीटर रुंद, म्हणजे सेंटिनेलच्या चित्रात बारा चौकटी आणि लँडसॅटमध्ये चार. सिन्नर तालुक्यातली २०१८ ची आणि २०२३ ची चित्रं शेजारी ठेवली की शेतांतून आरपार गेलेली पांढरी पट्टी दिसते. शिर्डी ते भरवीर टप्पा मे २०२३ मध्ये सुरू झाला. पट्टी चित्रात त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, कारण जमीन आधी मोकळी झाली. वर्गात एक मुलगी आहे, तिच्या आजोबांची जमीन त्यात गेली. ती ते चित्र बराच वेळ बघत होती.

---

गोदाकाठची · ११ फेब्रुवारी, सकाळी ८:००

नांदूरमध्यमेश्वरला गेली बारा वर्षं पक्षी बघायला जाते. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा बंधारा म्हणजे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे पाण्यावर पाणवेली पसरतात आणि एनडीव्हीआयला त्या दाट पीक वाटतात. कोणीतरी केलेल्या नकाशात मी जलाशयाच्या मधोमध 'शेती' लिहिलेली पाहिली. पाणपसारा मोजायचा तर एकाच दिवसाचं चित्र घेऊ नका, कालव्याचं आवर्तन सुटलं की आठवड्यात काठ बदलतो.

---

पंचवटीकर · ११ फेब्रुवारी, दुपारी ३:३५

तपोवनातली झाडं तोडण्यावरून २०२५ च्या अखेरीस एवढा वाद झाला. २०२७ च्या कुंभासाठी साधुग्राम, म्हणजे साधूंच्या मुक्कामाची वसाहत, तिथेच आहे. उपग्रहातून झाडं मोजता येत नाहीत का? दोन्ही बाजूंचे आकडे ऐकून डोकं भंजाळलं.

---

चौकटीमागे · ११ फेब्रुवारी, रात्री ९:५०

@पंचवटीकर, या फुकट चित्रांतून मोजता येत नाहीत. एक चौकट म्हणजे एक गुंठा. जुना वड असेल तर त्याचा पसारा दोन-तीन चौकटी भरतो, पण दोन-चार वर्षांचं रोप चौकटीत विरून जातं. पालवीखालचं क्षेत्र किती आणि ते कोणत्या महिन्यात घटलं, हे मात्र चांगलं सांगता येतं. झाडांची संख्या हवी तर अर्ध्या मीटरहून बारीक चित्र किंवा ड्रोन लागतो, आणि जात-वय हवं तर माणसाने बुंध्याजवळ जाऊन घेर मोजावाच लागतो.

आता बाईंसाठी, जरा कडू वाटेल असं. तुम्ही २०१७ आणि २०२५ चे वेगवेगळे भूवापर नकाशे करून ते एकमेकांतून वजा करणार असाल, तर अचूकतेचा गुणाकार होतो. प्रत्येक नकाशा ८५ टक्के बरोबर असेल आणि दोन्हींतल्या चुका एकमेकींशी संबंधित नसतील, तर दोन्हींत बरोबर असलेली जागा ०.८५ गुणिले ०.८५, म्हणजे ७२ टक्केच. उरलेल्या २८ टक्क्यांत पुष्कळसा 'बदल' नुसता चुकीचा असतो. खरा बदल पाच-सात टक्के असेल तर तो त्या गोंगाटात हरवतो. म्हणून नकाशातल्या चौकटी मोजून 'इतके हेक्टर बागा गेल्या' असं कधीही लिहू नका. नकाशातल्या प्रत्येक वर्गातून चिठ्ठ्या टाकून जागा निवडा, तिथे खरोखर काय आहे ते बघा आणि त्यावरून क्षेत्राचा अंदाज काढा. चिठ्ठ्या टाकूनच. रस्त्याकडेच्या सोयीच्या जागा निवडल्या तर अंदाज कलतो.

आमच्या क्षेत्रात याला ग्राउंड ट्रुथ म्हणतात आणि सगळ्यांत जास्त टाळाटाळ इथेच होते. तुमच्याकडे मुलं आहेत, गावं ओळखीची आहेत. हे तुम्हाला आमच्याहून चांगलं जमेल.

---

निफाडी · १२ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

दोन गोष्टी राहिल्या. अवकाळीच्या भीतीने आता पुष्कळ बागांवर प्लॅस्टिकचं आच्छादन टाकतात. खाली द्राक्ष असतं आणि वरून पांढरं. मोहाडी-जानोरीकडे पॉलिहाऊस आहेत, तीही तशीच. नकाशा त्यांना कारखाना नाही तर घरं म्हणणार.

दुसरं शेततळं. तीस बाय तीस मीटरचं शेततळं म्हणजे तुमच्या हिशोबाने नऊ चौकटी. पाणी असेल तर निळं-काळं, आटलं की तळाला घातलेला नुसता प्लॅस्टिकचा कागद चमकतो. मार्चनंतर बघाल तर एकाच गावात दोन्ही दिसतील.

---

उगावची लेक · १ मार्च, रात्री ९:१५

तीन आठवडे गायब होते. काम चालू होतं, त्याचा वृत्तांत देते.

चौकटीमागे यांच्या म्हणण्याप्रमाणे वजाबाकी सोडली. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांसाठी दर महिन्याच्या स्वच्छ चित्रांतून मधला आकडा घेऊन आठ वर्षांच्या रेघा काढल्या. ज्या चौकटींत आधी दोन खड्ड्यांची चाल होती आणि नंतर मोडली, तेवढ्याच लाल केल्या. पहिल्या नकाशातलं बहुतेक लाल नाहीसं झालं. उरले ते विखुरलेले डाग. त्यांतून चिठ्ठ्या टाकून जागा निवडल्या. शनिवार-रविवार मुलांच्या चार तुकड्या गावोगाव फिरल्या, ज्याचं शेत त्याला विचारून, त्याने हो म्हटलं तरच आत गेल्या.

चुका अजूनही सापडल्या. काही डाग निफाडी दादांनी सांगितलेल्या आच्छादनाचे निघाले. दोन ठिकाणी नवी लागवड होती, खुंटावर कलमं भरलेली, वेली मांडवाला टेकायच्या बेतात. एके ठिकाणी आम्ही बाग गेली म्हणत होतो तिथे मालकाने फक्त उशिरा छाटणी करायला सुरुवात केली होती.

आणि काही ठिकाणी बाग खरोखरच गेलेली होती. एका शेतात मका उभा होता, बांधावर गंजलेल्या अँगलचा ढीग. मालक साठीचे होते. मुलांनी मोबाईलवर त्यांच्याच शेताची रेघ दाखवली आणि त्यांनी विचारलं, "हे कुठून आणलं?" मुलांनी सांगितलं. त्यांनी रेघेवर बोट ठेवत नेलं आणि जिथे दोन खड्ड्यांची चाल मोडते तिथे थांबले. म्हणाले, "हे ते साल. फुलोऱ्यात पाऊस झाला होता." त्यापुढे ते काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. निघताना त्यांनी मुलांना बळेबळे चहा पाजला.

नकाशात आता तीन रंग आहेत. बाग आहे, बाग नव्याने लावली, बाग गेली. चौथा करडा ठेवलाय, जिथे आम्हाला खात्री नाही तिथे. करडा बराच आहे. मुलं म्हणाली, कमी करू या. मी म्हटलं, जाऊन बघितल्याशिवाय एकही चौकट करड्यातून बाहेर काढायची नाही.

@पेठचा मास्तर, पुढच्या वर्षी नोव्हेंबरची चित्रं घेऊन तुमच्याकडे यायचं आहे. मुलांची राहायची सोय शाळेत होईल का?

---

पेठचा मास्तर · २ मार्च, सकाळी ७:००

होईल. दिवाळीनंतर या, भात कापणी संपत आलेली असेल, लोक भेटतील. नागलीची भाकरी इथे मिळेल, पांघरुणं तुम्ही आणा. थंडी असते.

---

निफाडी · २ मार्च, सकाळी ९:२०

बाई, आमची खरड छाटणी यंदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात धरलीय. बागेच्या उत्तरेला शेततळं आहे, खुणेला तेवढं पुरेल. छाटायच्या आदल्या दिवशी इथे लिहितो. तुमच्या रेघेत ती किती दिवसांनी उतरते ते बघून सांगा.

---

उगावची लेक · २ मार्च, सकाळी ९:४५

नक्की. आभाळ स्वच्छ असेल तर पाच दिवसांच्या आत दिसेल. आणि मे महिन्यात नवा पाला रेघेत वर यायला लागला की त्या दिवशीही लिहीन.